राज्याची अब्रू आणि राज्याचा वकील

१९३३ च्या मार्चअखेरीस अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, डेकेटर या गावी, हेवूड पॅटरसन नावाच्या कृष्णवर्णीय तरुणावर बलात्काराचा खटला दुसऱ्यांदा उभा राहिला. असा खटला चालवायला जिल्ह्याचा सरकारी वकील असतो, आणि तो त्या दिवशी कोर्टात हजर होताही. पण सरकार पक्षाची सूत्रं त्याच्याकडे नव्हती. राज्याचा अॅटर्नी जनरल थॉमस नाइट धाकटा याने ती स्वतःकडे घेतली होती. आपल्याकडे राज्याचा महाधिवक्ता उद्या उच्च न्यायालयातलं काम बाजूला सारून एखाद्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ लागला, तर वकिलांच्या खोलीत दिवसभर दुसरा विषय निघणार नाही. अलाबामात याचं कुणालाच नवल वाटलं नाही. लोकांना तेच हवं होतं, आणि नाइटला लोकांना काय हवंय ते नेमकं कळत होतं.

स्कॉट्सबरो प्रकरण म्हणून हा खटला जगाला ठाऊक आहे. तो सांगितला जातो तो बहुधा झुंडीची, वंशद्वेष्ट्या ज्युरीची, आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या दोन-तीन माणसांची गोष्ट म्हणून. नाइट त्यात चार ओळींत उरकला जातो. मला वाटतं, या प्रकरणातून आजच्या वाचकाने घ्यावं असं जे काही आहे, ते त्या चार ओळींतच दडलेलं आहे. कोर्टाबाहेरची झुंड आठवड्याभरात पांगते. अलाबामातला अन्याय मात्र सहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला, कारण राज्याच्या सर्वात वरच्या वकिलाने एका फौजदारी खटल्याला राज्याच्या अब्रूचा प्रश्न बनवलं. एकदा अब्रू पणाला लागली की पुरावा काय सांगतो हे दुय्यम ठरतं आणि माघार म्हणजे नामुष्की ठरते.

मूळ घटना थोडक्यात अशी. २५ मार्च १९३१ रोजी चॅटनूगाहून मेम्फिसकडे निघालेल्या मालगाडीत फुकट प्रवास करणाऱ्या गोऱ्या आणि काळ्या पोरांत मारामारी झाली. मंदीचे दिवस, कामाच्या शोधात अर्धा देश मालगाड्यांवर लटकलेला. गाडीतून खाली ढकलल्या गेलेल्या गोऱ्या पोरांनी तक्रार केली आणि पेंट रॉक या स्टेशनात गाडी अडवून नऊ कृष्णवर्णीय मुलांना धरण्यात आलं. त्यातला सर्वात लहान बारा-तेरा वर्षांचा होता, सर्वात मोठा विशीच्या आसपासचा. त्याच गाडीत हंट्सविलच्या सूतगिरणीत काम करणाऱ्या दोन गोऱ्या तरुणी होत्या, व्हिक्टोरिया प्राइस आणि रुबी बेट्स. त्यांनी आपल्यावर सामूहिक बलात्कार झाल्याचा आरोप केला. अवघ्या दोन आठवड्यांत, ६ ते ९ एप्रिल १९३१ या चार दिवसांत, स्कॉट्सबरोमध्ये सगळे खटले उरकले. बाहेर हजारोंचा जमाव, बंदूकधारी नॅशनल गार्ड, आणि आरोपींच्या बाजूला चॅटनूगाहून आलेला जमिनीच्या व्यवहारांचा एक वकील आणि जोडीला गावातला एक म्हातारा वकील. आठ जणांना मृत्युदंड झाला. नवव्या, सर्वात लहान मुलासाठी सरकार पक्षाने जन्मठेपच मागितली होती. तरी ज्युरीतले अकरा जण फाशीवर अडून बसले आणि त्याचा खटला निकालाविना संपला.

इथवर नाइटचा प्रत्यक्ष हात नाही. तो त्याच वर्षी जानेवारीत पदावर आला होता, निवडून. हे निवडून येणं नीट लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडे महाधिवक्त्याची नेमणूक राज्यघटनेच्या कलम १६५ खाली राज्यपाल करतात, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ करतं. अमेरिकेत आजही पन्नासपैकी ४३ राज्यांत अॅटर्नी जनरल थेट मतदार निवडतात. म्हणजे तो एकाच वेळी कायद्याचा अधिकारी आणि पुढच्या निवडणुकीचा उमेदवार असतो. नाइट तेव्हा तिशी ओलांडलेला, चलाख, बोलका, मोठ्या घरचा. वडील, थॉमस नाइट थोरले, अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश.

स्कॉट्सबरोची अपिलं याच न्यायालयापुढे आली. राज्यातर्फे मुलगा युक्तिवादाला उभा, समोरच्या पीठावर बाप. मार्च १९३२ मध्ये सहा विरुद्ध एक अशा मतांनी शिक्षा कायम झाल्या (एक आरोपी अल्पवयीन म्हणून तेवढा वगळला गेला). थोरले नाइट बहुमतात होते. विरोधात एकटे मुख्य न्यायाधीश जॉन अँडरसन. आरोपींना न्याय्य सुनावणी मिळालीच नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. बापलेकांच्या या जोडीबद्दल त्या काळी राज्यात फारशी कुरबुर झाल्याचं दिसत नाही. अलाबामाचं कायदेविश्व तेव्हा तेवढंच होतं: मोजकी घराणी, एकमेकांची लेकरं-जावई, आणि सगळ्यांचे मतदार एकच.

७ नोव्हेंबर १९३२ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हे निकाल रद्द केले. मृत्युदंडाच्या खटल्यात आरोपीला खरोखरीचा, कामाचा वकील मिळालाच पाहिजे, हा अमेरिकी कायद्यातला मोठा टप्पा तिथे रोवला गेला. निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिला. अॅटर्नी जनरलपुढे थांबण्याची पहिली संधी इथे होती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कारवाईच सदोष ठरवलेली, वैद्यकीय पुरावा मुळातच लंगडा, आरोपींपैकी एक जवळपास आंधळा आणि दुसरा गुप्तरोगाने इतका पोखरलेला की त्याला काठीशिवाय चालवत नव्हतं. कागद शांतपणे वाचणाऱ्या वकिलाला यातून वाट काढता आली असती. नाइटने फेरखटला स्वतः चालवायचं ठरवलं.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. आरोपींची बाजू कम्युनिस्टांशी जोडलेल्या इंटरनॅशनल लेबर डिफेन्सने हाती घेतली होती. जगभरातून तारा येत होत्या, युरोपात मोर्चे निघत होते, अलाबामाच्या न्यायाधीशांना शिव्याशाप आणि धमक्यांची पत्रं मिळत होती. बाहेरच्यांनी येऊन आपल्याला न्याय शिकवायचा, ही सल दक्षिणेत यादवी युद्धापासूनची. त्यात न्यूयॉर्कचे नामांकित फौजदारी वकील सॅम्युएल लिबोविट्झ बचावाला आले आणि निकाल विरुद्ध गेल्यावर परत जाऊन त्यांनी ज्युरीतल्या माणसांच्या तोंडावरून, त्यांच्या तंबाखूवरून जे काही उद्गार काढले, ते अशिलांच्या काडीच्या उपयोगाचे नव्हते. नाइटला हे सगळं आयतं मिळालं. पण आयतं मिळालेलं वापरायचं की नाही, हे ठरवणं वकिलाच्याच हातात असतं.

डेकेटरच्या सुनावणीतले तीन प्रसंग मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला सुरुवातीचाच. जॅक्सन परगण्याच्या ज्युरीत काळा माणूस का नसतो, हे दाखवण्यासाठी लिबोविट्झनी स्कॉट्सबरोच्या काही प्रतिष्ठित कृष्णवर्णीय नागरिकांना साक्षीला बोलावलं. त्यांतले एक जॉन सॅनफर्ड, गिलाव्याचं काम करणारे. उलटतपासणीत नाइट त्यांच्यावर बोट रोखून ‘जॉन’ असं एकेरी पुकारू लागला. लिबोविट्झ उठले आणि म्हणाले, बोट खाली घ्या आणि त्यांना ‘मिस्टर सॅनफर्ड’ म्हणा. नाइटचं उत्तर होतं की, तशी आपल्याला सवय नाही. आडनावाने कुणाला पुकारायचं आणि नावाने कुणाला, कुणाला ‘अहो’ आणि कुणाला ‘अरे’, यात जात आणि सत्ता कशी मुरलेली असते ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. नाइट त्या क्षणी कुठलीही चाल खेळत नव्हता. त्याला खरोखरच सवय नव्हती. राज्यातल्या सगळ्या माणसांचा वकील म्हणवणाऱ्याला राज्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या माणसांना आदराने हाक मारायची सवय नव्हती, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

दुसरा प्रसंग डॉक्टरांचा. घटनेनंतर दोनेक तासांत दोन्ही तरुणींना तपासणारे डॉ. ब्रिजेस सरकारचेच साक्षीदार. सहा-सहा जणांनी दगडखडीवर पाडून अत्याचार केल्याच्या कहाणीशी जुळतील अशा जखमा त्यांना दिसल्या नव्हत्या. तरुणी तपासणीच्या वेळी शांत होत्या, हेही त्यांनी सांगितलं. तपासणीला दुसरे डॉक्टरही हजर होते, मार्विन लिंच. त्यांची साक्ष निव्वळ पुनरुक्ती ठरेल असं सांगून सरकार पक्षाने त्यांना मोकळं करण्याची विनंती केली. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितलेली हकिकत अशी की, लिंच त्यांना एकांतात भेटले आणि म्हणाले, या मुलींवर बलात्कार झालेला नाही असं माझं मत आहे, पण हे साक्षीत बोललो तर मला स्कॉट्सबरोत परत जाता यायचं नाही. लिंच यांनी नंतर याचा इन्कार केला. ते काहीही असो, एक डॉक्टर कमी झाला, आणि तो कुणी कमी केला ते नोंदीत आहे.

तिसरा प्रसंग रुबी बेट्सचा. सरकारच्या कहाणीतली अर्धी फिर्यादी ऐनवेळी बचाव पक्षाची साक्षीदार म्हणून दारातून आत आली आणि म्हणाली, बलात्कार झालाच नव्हता. फिर्यादी उलटल्यावर सरकारी वकिलाने काय करावं? निदान थबकावं. नाइटने तिच्या अंगावरच्या नव्या कपड्यांविषयी विचारलं, ते कुणी घेऊन दिले, पैसे कुठून आले. प्रश्न चलाख होता. न्यूयॉर्कच्या पैशाने साक्ष विकत घेतली हे ज्युरीला न सांगता सांगून झालं. समारोपाच्या भाषणात जिल्हा वकील वेड राइट याने तेच उघड्यावर आणलं: अलाबामाचा न्याय न्यूयॉर्कच्या ज्यूंच्या पैशाने विकत मिळत नाही, हे दाखवून द्या. नाइट मात्र स्वतः उठून म्हणाला की, मला वंशद्वेषावर आधारलेला निकाल नको, पुराव्यावर आधारलेला हवा.

हे वाक्य अनेक जण नाइटच्या श्रेयखात्यावर टाकतात. मला ते उलट जास्त खटकतं. राइटसारखा गावंढळ बोलबच्चन ओळखू येतो. वरच्या कोर्टाला तो बोट दाखवून दाखवता येतो. शहाणा, सभ्य, घरंदाज अॅटर्नी जनरल त्याच्या शेजारी बसून त्याच्या विषाचा परिणाम वापरतो आणि हात मात्र स्वच्छ ठेवतो. राइटला थांबवणं त्याच्या एका शब्दाचं काम होतं. तो वरिष्ठ होता.

याच खटल्यात नाइटने पॅटरसनला विचारलं होतं, ‘स्कॉट्सबरोमध्ये तुझ्यावर खटला चालला ना?’ पॅटरसन म्हणाला, ‘स्कॉट्सबरोमध्ये मला गोवण्यात आलं.’ हे बोलायला तुला कुणी शिकवलं, या पुढच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, ‘माझं मीच.’ शाळा न शिकलेल्या त्या पोराने राज्याच्या सर्वोच्च वकिलाला दिलेलं हे उत्तर मला अख्ख्या नोंदीतलं सर्वात नेमकं वाटतं. नाइटला ते ऐकून काहीच प्रश्न पडला नाही.

९ एप्रिलला ज्युरीने दोषी ठरवलं, शिक्षा मृत्युदंड. २२ जून १९३३ रोजी न्यायाधीश हॉर्टन यांनी ती शिक्षा स्वतःच रद्द केली. प्राइसच्या साक्षीला दुसरा कुठलाच आधार मिळत नाही, उलट सगळा पुरावा तिच्या विरुद्ध जातो, असं त्यांनी सविस्तर दाखवलं. (त्या निकालपत्रात ‘असल्या’ बायका खोटे आरोप करतात अशा अर्थाचं एक विधान आहे, ते आज वाचताना खुपतं. एका पूर्वग्रहाशी झगडताना माणूस दुसरा खुशाल बाळगून असू शकतो. पण त्याने निकालातली वैद्यकीय छाननी कमकुवत होत नाही.) थांबण्याची ही आणखी एक संधी, आणि बहुधा सर्वात सन्मानाची. अलाबामाच्याच, गोऱ्याच, आदरणीय न्यायाधीशाने वाट करून दिली होती. बाहेरच्यांपुढे झुकल्याचा आरोप कुणी करू शकलं नसतं. नाइटने पुन्हा खटला चालवणार असं जाहीर केलं. खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे, विल्यम कॅलहन यांच्याकडे गेला आणि वर्षअखेरीस पॅटरसन आणि क्लॅरेन्स नॉरिस दोघांनाही पुन्हा मृत्युदंड.

१९३४ च्या निवडणुकीचे आकडे सोडा, निकाल पुरे बोलके आहेत. न्यायाधीश हॉर्टन पडले. त्यांचं न्यायाधीशपद तिथेच संपलं. नाइट लेफ्टनंट गव्हर्नर झाला. आणि त्या पदावर बसूनही, १९३६ मध्ये पॅटरसनवर चौथ्यांदा खटला चालला तेव्हा, सरकार पक्षाच्या टेबलाशी खास वकील म्हणून तोच होता. राज्याच्या कार्यकारी सत्तेतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस एका बेकार पोराच्या विरोधात उलटतपासणी घेतोय, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. ते निव्वळ कामाचं प्रेम नसतं.

हे एकट्या अलाबामाचं नाही. शेजारच्या जॉर्जियात वीस वर्षांपूर्वी लिओ फ्रँक या ज्यू कारखाना-व्यवस्थापकावर खुनाचा खटला झाला होता. तो चालवणारा अटलांटाचा सरकारी वकील ह्यू डॉर्सी १९१६ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आला. फ्रँकची फाशी जन्मठेपेवर आणणारे गव्हर्नर जॉन स्लेटन यांचं राजकारण संपलं, आणि फ्रँकला १९१५ च्या ऑगस्टमध्ये तुरुंगातून पळवून नेऊन झुंडीने झाडाला लटकवलं. मतपेटी कुणाला बक्षीस देते आणि कुणाला शिक्षा, हे नाइटने वर्तमानपत्रांत वाचलेलंच असणार.

एप्रिल १९३५ या महिन्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. १ तारखेला नॉरिसच्या अपिलात: काळ्यांना ज्युरीतून पद्धतशीर वगळलं गेलं म्हणून शिक्षा रद्द. मूळ यादीत काळ्यांची नावं मागाहून घुसडलेली होती. न्यायाधीशांनी भिंगातून ती पाहिली. नाइट तिथेही राज्यातर्फे उभा होता. आणि १५ तारखेला, स्कॉट्सबरोशी काही संबंध नसलेल्या बर्जर नावाच्या खटल्यात, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की सरकारी वकील हा सामान्य पक्षकाराचा वकील नव्हे. खटला जिंकणं हे त्याचं हित नाही, न्याय होणं हे आहे. त्याने जोरदार घाव घालावेत, पण कमरेखाली वार करायची मुभा त्याला नाही. अमेरिकेतल्या वकिलांच्या पिढ्या हा उतारा पाठ करत आल्या. नाइटच्या वर्तनाचं मोजमाप त्याच्या हयातीत, त्याच न्यायालयाकडून लिहून झालं होतं.

१९३६ च्या अखेरीस नाइटने न्यूयॉर्कला जाऊन लिबोविट्झची गुपचूप भेट घेतली. राज्याला हे प्रकरण पैशाने आणि राजकारणाने महाग पडतंय, आपल्याला याचा वीट आलाय, काहीतरी तडजोड करू, असं बोलणं झालं. म्हणजे आतून त्याला कळलेलं होतं. गुपचूप कळणं आणि उघडपणे वागणं यांत जो फरक आहे, त्या फरकाची किंमत नऊ जण तुरुंगात मोजत होते. मे १९३७ मध्ये नाइट वारला, चाळिशीही न गाठता.

दोन महिन्यांनी, जुलैत, राज्याने चार आरोपींवरचे खटले मागे घेतले. दोघांबद्दल सरकार पक्षाने सांगितलं की नीट विचार केल्यावर ते निर्दोष असल्याची आमची खात्री झाली आहे. ते दोघे म्हणजे तोच जवळपास आंधळा ऑलेन मॉन्टगोमेरी आणि तोच काठी टेकत चालणारा विली रॉबर्सन. त्यांची दृष्टी आणि चाल १९३१ मध्येही तीच होती. उरलेल्या दोघांबद्दल म्हटलं की घटनेच्या वेळी ते फारच लहान होते आणि सहा वर्षांहून जास्त तुरुंगात काढली आहेत, तेवढं पुरे. बाकीच्यांना मात्र शिक्षा: नॉरिसला मृत्युदंड (पुढे गव्हर्नर ग्रेव्ह्ज यांनी जन्मठेपेवर आणला), इतरांना ७५ आणि ९९ वर्षांची कैद, एकाला पोलिसावरच्या हल्ल्याबद्दल वीस वर्षं. फिर्याद तीच, फिर्यादी तीच. एकाच साक्षीवर काही जण निर्दोष आणि काही जण फाशीच्या लायक, हे गणित कुठल्याही कायद्यात बसत नाही. ते फक्त अब्रू राखून माघार घेण्याच्या गणितात बसतं.

म्हणून माझा मुद्दा सरकारी वकिलाच्या एका विशिष्ट अधिकाराबद्दल आहे, जो खटला चालवण्याच्या अधिकारापेक्षा मोठा आहे: तो न चालवण्याचा. ज्युरी हो-नाही एवढंच म्हणते, न्यायाधीश समोर आलेलंच बघतो. पुरावा पुरेसा नाही, फिर्यादी फिरली, डॉक्टर वेगळं सांगतोय, तेव्हा ‘थांबू या’ म्हणण्याची मोकळीक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्या सरकार पक्षाकडे असते. आणि ज्याने खटल्यावर स्वतःचं नाव, चेहरा आणि निवडणूक लावली आहे, त्याच्या हातून ही मोकळीक पहिल्यांदा निसटते. अॅटर्नी जनरलने डेकेटरला जायलाच नको होतं, असं मी म्हणतो ते याच अर्थाने. जिल्ह्याचा वकील हरला असता तर एक वकील हरला असता. अॅटर्नी जनरल हरला असता तर अलाबामा हरलं असतं.

यावर सरळ आक्षेप येतो: निवडून आलेला वकील निदान लोकांना जबाबदार तरी असतो, नेमलेला फक्त सत्ताधाऱ्यांना. आक्षेप हलका नाही, आणि त्याचं सर्वात चांगलं उदाहरण पुन्हा अलाबामाच देतं. १९७० मध्ये एकोणतीस वर्षांचा बिल बॅक्सली अॅटर्नी जनरल म्हणून निवडून आला. त्याने बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमधल्या १९६३ च्या बॉम्बस्फोटाची, चार मुलींच्या खुनाची, फाइल पुन्हा उघडली आणि १९७७ मध्ये रॉबर्ट चॅम्ब्लिसला दोषी ठरवून घेतलं. कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेच्या एका पुढाऱ्याने धमकीचं पत्र धाडलं, त्याला त्याने कार्यालयाच्या छापील कागदावर एका ओळीचं, इथे छापता न येणारं उत्तर दिलं. आणि १९७६ मध्ये, स्कॉट्सबरोच्या आरोपींपैकी फरार म्हणून राज्याबाहेर म्हातारा होत असलेल्या क्लॅरेन्स नॉरिसला माफी द्यावी, अशी शिफारस याच अॅटर्नी जनरलने केली. नोंदी वाचल्यावर तो निर्दोष असल्याची आपली खात्री पटली, असं म्हणून. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी माफीवर सही केली. पुढे बॅक्सलीही लेफ्टनंट गव्हर्नर झाला. म्हणजे पदं तीच, राज्य तेच, निवडणूकही तशीच.

मग फरक कुठे? काही अंशी माणसात, नक्कीच. पण त्याहून जास्त मतदारयादीत. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने साक्षरता, मालमत्ता, मतकर अशा अटी घालून काळ्या नागरिकांना जवळपास पूर्णपणे मतदानाबाहेर ढकललं होतं. नाइटला निवडणाऱ्यांत सॅनफर्ड नव्हते, पॅटरसनचे आईबाप नव्हते. ज्युरीत नव्हते, मतदारयादीत नव्हते, आणि तरी खटल्याच्या शीर्षकात ‘अलाबामा राज्य’ म्हणून जे काही उभं होतं ते त्यांच्याही नावाने. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर ती यादी बदलली आणि बॅक्सलीसारख्या माणसाला निवडून येणं शक्य झालं. तेव्हा निवडणूक हवी की नेमणूक हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. विचारायचं ते हे की, आरोपी ज्या समाजातून येतो त्या समाजाची सरकारी वकिलाला गरज आहे का, भीड आहे का. नसेल, तर तो निवडलेला असो वा नेमलेला, नाइटच निपजेल.

आता आपल्याकडे पाहू. आपला कायदा कागदावर अमेरिकेपेक्षा स्वच्छ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिव कुमार विरुद्ध हुकम चंद या निकालात म्हटलं की, खरी हकिकत काहीही असो, आरोपीला कसंही करून शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये. आरोपीच्या बाजूचं काही वैध असेल तर तेही त्यानेच कोर्टापुढे आणावं. खटला मागे घेण्याचा अधिकारही त्याला दिलेला आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली, आता नव्या संहितेच्या कलम ३६० खाली. तो वापरला जातो कुणासाठी? आंदोलनांतल्या कार्यकर्त्यांसाठी, सत्ता बदलली की नव्या सत्तेतल्या मंडळींसाठी, शासन निर्णय काढून. आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नका, असा आदेश २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, यातच सगळं आलं. कच्च्या पुराव्यावर वर्षानुवर्षं कोठडीत असलेल्या कुणा भुरट्यासाठी सरकारी वकील उठून ‘आमचा पुरावा पुरेसा नाही’ म्हणाल्याचं चित्र विरळाच.

आणि खटल्यांचा चेहरा होणारा विशेष सरकारी वकील, हा तर खास महाराष्ट्राचा परिचयाचा प्रकार. उज्ज्वल निकम यांनी मोठमोठे खटले कष्टाने चालवले, हे नाकारण्याचं कारण नाही. पण २०१५ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती. त्याच्याविषयी तयार होऊ पाहणारं भावनिक वातावरण मोडायला ती गोष्ट आपण रचली होती. कसाबचा गुन्हा पुराव्याने शाबीत झाला होता, बिर्याणीने निकालात तसूभर फरक पडायचा नव्हता. म्हणूनच ती गरज मला जास्त चिंतेची वाटते. २०२४ मध्ये ते लोकसभेला उभे राहिले, पडले, लगेच पुन्हा विशेष सरकारी वकील नेमले गेले आणि २०२५ मध्ये राज्यसभेवर नामनिर्देशित झाले. यात बेकायदा काही नाही, आणि त्यांची नाइटशी तुलना करणं अन्यायाचं होईल. पण सरकारी वकिलाच्या टेबलापासून उमेदवारी अर्जापर्यंत इतकी सरळ वाट असणं ही व्यक्तीची नव्हे, व्यवस्थेची ढिलाई आहे.

ती आवळायला फार काही लागत नाही. विशेष सरकारी वकील नेमताना कारणं लेखी द्यावीत आणि ती जाहीर असावीत. खटला सुरू असताना त्याने कॅमेऱ्यापुढे आरोपीबद्दल बोलू नये. खटला सोडल्यावर ठरावीक काळ, निदान एका विधानसभेच्या मुदतीइतका, त्याने निवडणूक लढवू नये आणि सरकारनेही त्याला नामनिर्देशनाचं पद देऊ नये. यावर वकील मंडळी म्हणतील की हा व्यवसायस्वातंत्र्यावर घाला आहे, मग चांगले वकील ही कामं घेणारच नाहीत. ज्याला विधान भवनाची वाट मोकळी ठेवल्याशिवाय सरकारी खटला घ्यायचाच नाही, त्याने तो न घेतलेलाच बरा. जिल्ह्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं काढलेला एखादा अनामिक सहायक सरकारी अभियोक्ता तो खुशीने चालवेल, आणि हरण्याची पाळी आली तर हरेलही.